पिवळा टाका

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या गल्लीत गाड्यांच्या सीटा शिवणारे त्रिविक्रमराव म्हणजे रीतीला चिकटलेला माणूस. गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसलं तरी शिवलेली सीट आधी आत घरात जायची. तिथं बायको, अनुसूयाबाई, सीटच्या खालच्या बाजूला पिवळ्या दोऱ्याचा एक टाका घालायच्या, तेव्हा काम पुरं. आजोबांपासूनचं हे असं. घरच्या बाईचा हात लागल्याशिवाय माल उंबरा ओलांडत नसे.

दोन वर्षांपूर्वी बसवनगुडीत देवळासमोर गाडीतून उतरताना अनुसूयाबाई पडल्या. गुडघा गेला तो गेलाच. त्रिविक्रमरावांनी महिनाभर खटपट करून आपल्या जुन्या गाडीला दाराकडे वळणारी सीट बसवली. बसल्या बसल्या वळायचं, पाय जमिनीला टेकले की उठायचं. बायकोचे हाल थांबले आणि यांची कॉलर ताठ झाली.

ती सीट अपूर्वनं पाहिली. हा गल्लीतलाच, अनुसूयाबाईंच्या हातचं चित्रान्न खाऊन वाढलेला, आता एका मोटार कंपनीत डिझायनर. "अण्णा, आम्ही एक छोटी गाडी करतोय. ऐटबाज, पण रोजच्या कामाची. ऑफिसला जा, भाजी आणा, म्हाताऱ्यांना देवळात न्या. विकायला नाही अजून, नमुना आहे. तिच्यात ही सीट हवी. तुमचं नाव मी स्टेजवरून घेणार!"

नावाला भुलले हो! चार महिने राबले. काम संपल्यावर अपूर्व हळूच म्हणाला, "अण्णा, स्वल्प अडचण आहे. खालचा पिवळा टाका साहेबांना खटकतो. एवढ्या भारी गाडीत दुसऱ्या कुणाची खूण नको म्हणतात." त्रिविक्रमरावांनी ब्लेड घेतलं आणि टाका उसवला. घरी काही बोलले नाहीत.

देवनहळ्ळीच्या बड्या हॉटेलात गाडीवरचं कापड सरकलं. दोघं नवराबायको पहिल्याच रांगेत होते. अनुसूयाबाई ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या. अपूर्व माइक घेऊन म्हणाला, "माझी आजी देवळासमोर गाडीतून उतरताना पडली. तेव्हा मला ही सीट सुचली."

अरे, कसली आजी! ती बिचारी जन्मभर बसनं फिरली. त्रिविक्रमरावांची कानशिलं तापली. पडलेली बाई इथं बसलीय, डोकं चाललं ते यांचं, आणि हा निर्लज्ज खुशाल टाळ्या घेतोय! तरी आता नाव घेईल, मग घेईल म्हणून ते खुर्चीच्या कडेला सरकले. अपूर्वनं साहेबांचे आभार मानले आणि माइक ठेवला.

मग तो हसत खाली आला. "अक्का, तुम्हाला सवय आहे. बसून दाखवता?"

अनुसूयाबाई निमूट जाऊन बसल्या. सीटखाली हात घालून चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"माझा टाका कुठाय रे?"

"अण्णांनीच काढला, अक्का," अपूर्व म्हणाला.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

त्रिविक्रमरावांची मान खाली गेली. अपूर्वनं गळा कापला म्हणून ते आतून पेटले होते, पण आता तोंड उघडायला जागाच उरली नाही.

सीट वळवायची कळ हाताशीच होती. अनुसूयाबाईंनी तिला हात लावला नाही. दार धरून, कण्हत, पूर्वी उतरायच्या तशा उतरल्या. त्रिविक्रमरावांनी पुढे केलेला हातही त्यांनी धरला नाही.