समांतरभुज नसलेला चौकोन

झाशीत मराठी माणूस भेटला की आम्हां जुन्या घरांना भरून येतं, असा एक समज आहे. मला तर डोकेदुखी व्हायची. इथे आमच्या सात-आठ पिढ्या गेल्या; आमची मराठी आता देवघरात आणि भांडणात तेवढी निघते, तीही अर्धी हिंदीत बुडवून. मी शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी नववीत बबीना छावणीतून एक मुलगी यायला लागली. बाप फौजेत हवालदार, साताऱ्याकडचा. पहिल्याच दिवशी तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही मराठी ना? मला इथे बोलायला कुणीच नाही."

मी म्हटलं, "आता मी आहे ना बेटा, परेशान नको होऊ."

ती हसली. ते हसू आनंदाचं होतं हे आज कळतं. तेव्हा वाटलं, कार्टी माझ्या मराठीला हसली.

तेव्हापासून मी तिला पाण्यात पाहायला लागले. त्याला घरची रीतही होती. माझे वडील मास्तर, आणि वर्गात मराठी पोर असलं की त्याला दोन छड्या जास्त, म्हणजे 'अपनेवालों को नंबर बाँटते हैं' असं कुणी म्हणायला नको. जगात आपला तो बाब्या असतो. आमच्याकडे आपलंच ते कार्टं. ही रीत मला फार सोयीची पडली. मुलीला विमान उडवायचं होतं, तेही फौजेतलं. त्याला बारावीपर्यंत गणित लागतं, म्हणून ती जीव तोडून गणित करायची. मी तिची वही सगळ्यात शेवटी तपासायची आणि अर्धा-अर्धा गुण कापायची.

चौकोनांचा धडा चालू होता. फळ्यावर मी एक चौकोन काढला: समोरासमोरच्या दोन बाजू समान, समोरासमोरचे दोन कोन समान. कर्ण ओढून दोन त्रिकोण केले, ते एकरूप ठरवले आणि लिहिलं, म्हणून हा समांतरभुज. वर्षानुवर्षं हेच लिहीत आले होते. तिने हात वर केला.

"मॅडम, ये ऐंगल तो दोनों भुजाओं के बीच का है ही नहीं। फिर ट्रायंगल एक जैसे कैसे हुए?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहायला लागला. "बड़ी आई पायलट," मी म्हटलं. "पहले ज़मीन पर सीधे खड़ी होना सीखो।" आणि तास संपेपर्यंत तिला भिंतीच्या कोपऱ्यात नाक खुपसून उभं केलं. "नब्बे का कोण है, अच्छे से देख लो।" वर्ग खदाखदा हसला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती एकटीच आली. हातात पुठ्ठ्याचा तुकडा. जुन्या लग्नपत्रिकेतून तिने समद्विभुज त्रिकोण कापला होता. टोकापासून पायापर्यंत, पण मधोमध नाही, जरा बाजूला, एक छेद दिला होता. मग एक तुकडा पालथा करून, खालचं टोक वर घेऊन, त्याच छेदाला परत चिकटवला होता. अर्धा चौकोन लाल-सोनेरी, अर्धा कोरा. समोरासमोरच्या दोन बाजू समान, समोरासमोरचे दोन कोन समान, सगळं माझ्या फळ्यावरच्यासारखं. आणि उरलेल्या दोन बाजू सरळसरळ लहानमोठ्या. हा समांतरभुज नाही हे आंधळ्यानेही सांगितलं असतं.

"माझं कुठे चुकलं ते सांगाल का, मॅडम?" तिने मराठीत विचारलं. मला टोमणा मारायला नाही. चूक तिचीच असणार असं तिला खरंच वाटत होतं.

मी म्हटलं, "शिवणाच्या तासाला दाखव हे," आणि तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची. फळ्यावरचं मी कधी दुरुस्त केलं नाही. तिने मात्र हात वर करणं सोडलं. मग पेपरात बरोबर आलेली उत्तरं स्वतःच खोडायला लागली.

नववीच्या शेवटी पालकांना बोलावतात. दहावीसाठी गणित दोन प्रकारचं असतं: सोपं ते बेसिक, आणि पुढे गणित घ्यायचं असेल त्याला स्टँडर्ड. तो कागद घेऊन बाप वर्दीतच आला, मुलगी मागे.

"ही म्हणते, बेसिकच घेते, मला डोकं नाही. आमच्या घरात कुणी शिकलेलं नाही, मॅडम. तुम्ही आपलं माणूस. तुम्ही सांगाल तसं करू."

मुलगी माझ्याकडे पाहत होती. इतक्या वर्षांत इतकं डोकं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. पण मग ती विचारणार, तो पुठ्ठा बरोबर होता का?

"बेसिकच बरं," मी म्हटलं. "पोरीला उगाच टेन्शन कशाला?"

त्याने तिथेच कागदावर खूण केली आणि हात जोडले. "दुसरं कुणी आमचं मन राखायला गोड बोललं असतं. तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले." मग मुलीकडे वळला, "पाया पड मॅडमच्या."

ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा" म्हटलं, आणि पुढच्या पालकांना आत बोलावलं.