डावं की उजवं?

"आजी, डावं की उजवं?"

दार उघडलं की आधी हे. दोन्ही हातांत एकेक मुळा धरून वरच्या मजल्यावरची ही उभी. मी म्हणायची, "दोन्ही मुळेच आहेत. आत ये."

तेव्हा तोक्योतल्या आमच्या ओजिमात आपल्याकडचे कंप्युटरवाले भराभर येत होते. माझा मुलगा त्यातलाच, हिचा नवराही त्यातलाच. हिचा अभ्यास मात्र थडग्यांचा. हसू नका, मी हसून घेतलंय. युरोपात जुन्या काळी श्रीमंत माणसं चर्चमधलं आपलं थडगं जिवंतपणीच सांगून ठेवत. कारागीर आधी चित्र काढून दाखवायचा. एकाच कागदावर अर्धं थडगं एका तऱ्हेचं, अर्धं दुसऱ्या. डावीकडे देवदूत, उजवीकडे सिंह. गिऱ्हाइकाने बोट ठेवायचं.

"म्हणजे साडीच्या दुकानासारखं," मी टोमणा मारला.

"अगदी तसंच, आजी!" ती खूश.

हिला स्वतःला मात्र कशावर बोट ठेवता येत नसे. इथे कचरा वेगळा करावा लागतो; पिशवी जळणाऱ्या कचऱ्यात टाकायची की न जळणाऱ्या, यावर जिन्यात उभी राहायची.

एकदा तिने माझंही थडगं काढलं. डावीकडे मी लाटणं छातीशी धरून आडवी, उजवीकडे कचऱ्याच्या पिशव्या उशाला घेऊन.

"अगं, आम्हाला जाळतात."

"म्हणून तर कागदावर. डावं की उजवं?"

"बघू."

मग क्योतोच्या विद्यापीठाने तिला पीएचडीला घेतलं. नवऱ्याची नोकरी तोक्योत. दुसऱ्या दिवशी होय-नाही कळवायचं होतं, तेव्हा ती आली. हात रिकामे.

"आजी, क्योतो की इथेच?"

"नवरा काय म्हणतो?"

"म्हणतो, तू ठरव."

"तुझी ती माणसं मेल्यावर कसं निजायचं तेसुद्धा बोट ठेवून सांगत होती. तुला जिवंतपणी कुठे राहायचं ते सांगता येईना?"

चहा तसाच टाकून ती उठली. रागावली, म्हटलं. रागावू दे. थोड्या वेळाने वर बॅग ओढल्याचा आवाज आला.

आता वर नवरा एकटाच असतो. एकच मुळा आणतो, कुणाला काही न विचारता.

रविवारी तिचा क्योतोहून फोन येतो. "आजी, ठरलं का?"

तो थडग्याचा कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. माझं कधीच ठरलंय, लाटण्यावालं. पण मी "बघू" म्हणते. सांगून टाकलं, तर पुढच्या रविवारी ती काय विचारणार?