शमीमचा दोरा

शमीमकडे सायकल दुरुस्तीला न्यायची, तर सायकलीबरोबर मालकालाही जावे लागे, आणि मालकाला आपले रोजचे ओझे घेऊन जावे लागे. शिरूरच्या बसस्थानकामागे तिच्या वडिलांचे सायकलीचे छोटे दुकान होते. दूधवाल्याने भरलेल्या किटल्या लावून यायचे, पाववाल्याने पेटी बांधून यायचे, रांजणगावच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्याने डब्याची पिशवी हँडलला अडकवून यायचे. मग दुकानाचा खांब धरून सायकलीवर बसायचे. शमीम समोर उकिडवी बसून टायर जमिनीला किती टेकतो, सीट कुठे कलते, चेन कुठे झोळ खाते, हे पाहत राही. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागले, की तिचे ठरलेले वाक्य येई, "आधी बसा, मग बोला. रिकाम्या सायकलीला काय धाड भरलीय? ती बरीच आसती."

एका बड्या बागायतदार आबांनी गड्याच्या हाती सायकल पाठवली, तेव्हा तिने ती तशीच परत केली. "आबांना म्हणावं, सायकल बरी हाय. आबांना पाठवा." आबा चिडून आले, बसले, आणि मागचे चाक का घासते ते सगळ्या आळीला दिसले. त्यानंतर आबा शमीमशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती सायकल देईनात.

शमीम माझ्या वर्गात होती. माझे वडील, आप्पा, आम्हाला विज्ञान शिकवत. आठवीत त्यांनी फूटपट्टी, दोरी आणि वजने देऊन समतोलाचा बिंदू शोधायला सांगितला. मी समीकरण मांडले, गुणाकार केला, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. मी मान वर केली तेव्हा शमीम वजने लटकवलेली पट्टी एका बोटावर तोलून उभी होती, आणि तिच्या वहीचे पान कोरे होते. "हिला दिसतं," आप्पा म्हणाले. मग माझी वही पाहून म्हणाले, "तू कष्टाळू आहेस." दोन्ही वाक्ये त्यांनी कौतुकानेच उच्चारली होती. मला मात्र त्यांच्यातले अंतर त्याच क्षणी अचूक मोजता आले, आणि पुढची दहा वर्षे मी ते कापण्यात घालवली.

दहावीनंतर तिच्या अब्बांचे गुडघे गेले. त्यांना खाली बसता येईना, म्हणून ते दुकानातल्या बाजेवर बसून सूचना देत आणि शमीम काम करी. वर्षभरात सूचना थांबल्या. मी पुण्याला यंत्र अभियांत्रिकीला गेले. सुट्टीत घरी आले, की आप्पा संध्याकाळी फिरायला म्हणून निघत आणि तासभर शमीमच्या दुकानात बसून येत. जेवताना ते तिच्याविषयी बोलत: तिने छर्रे बदलण्याची कोणती युक्ती काढली, वाकडी रिम कशी सरळ केली. माझ्या परीक्षांचे निकाल त्यांना पोस्टकार्डावर आधीच कळलेले असत. त्यांविषयी विचारण्यासारखे काही उरलेले नसे.

शेवटच्या वर्षाला मी प्रकल्प म्हणून डोंगरवाटेची सायकल निवडली. पुढे आणि मागे, दोन्हीकडे स्प्रिंग असलेल्या अशा सायकली मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका परदेशी मासिकात पाहिल्या होत्या. पुढचे चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा आपल्याकडे नुकताच मिळू लागला होता. खरा प्रश्न मागच्या भागाचा होता. चौकट मधे कापून तिथे बिजागरी बसवायची, म्हणजे मागचे चाक खड्ड्याबरोबर वरखाली होईल आणि बसणाऱ्याला हिसका बसणार नाही. एका वाहन कंपनीच्या आराखडा विभागात मला नोकरी हवी होती, आणि हा प्रकल्प तिथे नेणारा होता. बांधणीसाठी मला शमीमची गरज होती. त्या गरजेचाही मला रागच आला.

मागच्या स्प्रिंगसाठी आम्ही दोघी एसटीने दौंडला गेलो. तिथल्या भंगारवाल्याकडे जुन्या मोपेडचे शॉकअप ढिगाने पडलेले असत. कोणत्या ताकदीची स्प्रिंग लागेल याचे तीन पानी गणित मी सोबत नेले होते. शमीमने सात-आठ शॉकअप जमिनीवर उभे केले आणि मला म्हणाली, "सुषे, ह्याच्यावर उभी राहा. आता ह्याच्यावर."

भंगारवाला म्हणाला, "ताई, भाजी हाय का ही, दाबून बघायला?"

"भाजी आसती तर वास घेतला आसता, मामा," शमीम म्हणाली. "तुमच्या मालाचा वास घ्यायची सोय न्हाई."

दहा मिनिटांत तिने एक शॉकअप बाजूला काढला. मी पट्टीने मापे घेतली, तीन पाने उलटली. माझे गणित त्याच शॉकअपवर येऊन थांबत होते. तिने मला उत्तर विचारले नाही. परतीच्या बसमध्ये ती तो शॉकअप मांडीवर घेऊन बसली आणि भुईमुगाच्या शेंगा खात राहिली. मी खिडकीबाहेर पाहत होते, आणि त्या तीन पानांसाठी मी किती जागले होते याचा हिशेब मनात करत होते.

पुढचे दोन महिने दर शनिवारी मी शिरूरला येत असे. रुंद हँडल, जाड खाचांचे टायर, माझ्या उंचीला बेतलेली सीट, बिजागरीच्या खिळ्याभोवती बसवायला कारेगावच्या लेथवर कातून घेतलेली पितळी बुशे, असे एकेक जमत गेले. बिजागरी नेमकी कुठे बसवायची, तेवढे राहिले होते. मागचे चाक वरखाली होताना पायडलच्या धुऱ्यापासून त्याचे अंतर बदलते. अंतर कमी झाले की चेन सैल पडून उतरते. पायडलचा धुरा, बिजागरी आणि मागच्या चाकाचा धुरा हे तीन बिंदू एका रेषेत आले, की अंतराचा बदल सर्वांत कमी होतो. हे मी भूमितीने सिद्ध केले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

शमीमची पद्धत वेगळी होती. ती चेनच्या जागी गोधडी शिवायचा जाड दोरा ताणून बांधी, माणसाला वर बसवी, हलवी, आणि दोरा कुठे ढिला पडतो ते पाही. बिजागरी तिने तारेने तात्पुरती बांधलेली असे. दोरा ढिला पडला, की ती तार सोडून बिजागरी बोटभर सरकवी आणि पुन्हा म्हणे, "बस."

तिने मला तसे बसायला सांगितले, तेव्हा मी म्हणाले, "आकृती तयार आहे, शमीम. वेल्डिंग झालं की बसते."

"वेल्डिंग झाल्यावर बसून काय उपयोग? तवा तर ते बोलायचं बंद होतं."

त्याच वेळी आप्पा दुकानात आले आणि म्हणाले, "ती म्हणतेय तसं कर ना." ते नेमके त्याच वेळी आले नसते, तर मी कदाचित बसले असते. दुसऱ्या दिवशी शमीमला न सांगता मी चौकट सणसवाडीच्या वेल्डरकडे नेली आणि माझ्या आकृतीबरहुकूम जोडून घेतली. सायकल दोन विटांवर उभी करून मी तीन बिंदूंवर सुतळी धरून पाहिली. रेषा निर्दोष होती.

घोडनदीच्या काठच्या मुरमाड उतारावर आम्ही चाचणी घेतली. आप्पा छत्री घेऊन आले होते, शमीम पान्यांची पिशवी घेऊन. पहिल्या खड्ड्यात चेन उतरली. मी ती बसवली. तिसऱ्या खड्ड्यात पुन्हा उतरली. पाचव्यांदा मी काळ्या हातांनी तिथेच थांबले. शमीम पुढे आली, तिने हँडल धरले आणि म्हणाली, "बस त्याच्यावर." मी बसले. ती घुटमळली, परत गेली, आणि आप्पांच्या पायाशी ठेवलेली माझी पुस्तकांची पिशवी आणून तिने माझ्या पाठीला लावली. "हिच्याशिवाय तू जातीस व्हय कुठं?" मग तिने दोऱ्याचे एक टोक पायडलच्या धुऱ्याला लावले, दुसरे मागच्या धुऱ्याला. बिजागरी दोऱ्याच्या दोन बोटे खाली होती.

मी रिकाम्या सायकलीची रेषा काढली होती. माणूस बसताच स्प्रिंग दबते, मागचा धुरा वर येतो, आणि ती रेषा मोडते. हे मी आठवीपासून त्या दुकानात रोज पाहिले होते. आप्पा दोऱ्याकडे पाहत होते. माझ्याकडे पाहणे त्यांनी टाळले, आणि ते मला अधिक लागले.

शमीमने जोड कापला, बिजागरी वर सरकवली आणि सायकल पुन्हा जोडून आणली. ती सायकल त्या उतारावरून पाण्यासारखी खाली आली. चेन जागची हलली नाही. "सणसवाडीच्या गड्यानं जोड चांगला दिला हुता," एवढेच ती मला म्हणाली. टोमणा होता की दाद, हे मला आजही ठरवता येत नाही.

प्रकल्पाच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारले, "ही रेषा माणूस बसल्यावरची का धरली?" मी क्षणभरही अडले नाही. म्हणाले, "वाहन रिकामे धावत नाही, सर. मापाची सुरुवात भारापासूनच व्हायला हवी." त्यांनी मान डोलावली आणि काही लिहून घेतले. मला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले, आणि त्याच आधारावर हवी ती नोकरी मिळाली. अहवालाच्या शेवटच्या पानावर मी स्थानिक कारागिरांचे आभार मानले होते. नाव लिहिले नव्हते.

घरी आल्यावर आप्पांनी विचारले, "शमीमचं नाव सांगितलंस ना?"

"सांगितलं."

ते दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात जाऊन शमीमला हे सांगून आले. संध्याकाळी मी त्या रस्त्याने जात असता शमीमने हाक मारली. मी पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिले. हातातला पाना खाली ठेवून तिने विचारले, "माझं नाव ऐकून काय म्हणले साहेब?"

मी म्हणाले, "म्हणाले, अशा माणसाला भेटायला हवं. येतील कधीतरी शिरूरला."

हे वाक्य मी का जोडले, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. नुसते "खूश झाले" म्हणून भागले असते. पण खोट्या विधानाला तपशील दिला की ते खरे वाटते, हे मला ठाऊक होते, आणि तिच्यापुढे एकदा तरी माझे काम निर्दोष दिसावे अशी माझी इच्छा होती.

शमीमने लाकडी स्टूल निळ्या रंगाने रंगवून घेतले. साहेबांना दाखवायला दोऱ्याचे नवे रीळ आणून फळीवर ठेवले. मी पुण्याहून आले, की ती विचारी, "साहेब कवा यायचेत?" मी सांगे, कामात आहेत. असे दोन वर्षे चालले. मग मी बसस्थानकावरून घरी जाण्याचा रस्ता बदलला. तिचे लग्न दौंडला ठरले, तेव्हा माझी कार्यालयात बैठक होती. ती बैठक पुढे ढकलता आली असती. लग्नाला आप्पा गेले.

कार्यालयात एव्हाना माझे एक वाक्य प्रसिद्ध झाले होते. नवे कोणी आराखडा घेऊन आले, की मी म्हणत असे, "आधी त्यात माणूस बसवा, मग बोला." विभागप्रमुख हसून सांगत, ही सुषमाची शिस्त. मी ते कधी दुरुस्त केले नाही.

मग महाविद्यालयाने जुन्या प्रकल्पांची खोली रिकामी करायला काढली आणि सायकल घेऊन जा, असे मला कळवले. मी ती दौंडच्या पॅसेंजरमध्ये चढवली. जे सांगायचे होते ते वाटेत चार वाक्यांत बसवले, शब्द घासून पाहिले, क्रम दोनदा बदलला.

दौंडला बाजाराच्या टोकाशी, नवऱ्याच्या टायरच्या दुकानाला लागून शमीमने पत्र्याची शेड टाकली होती. एक भाजीवाला भरल्या टोपल्यांसह सायकलीवर बसला होता आणि ती खाली बसून चाक पाहत होती. तिने मला पाहिले, मग सायकल पाहिली. भाजीवाल्याला वाटेला लावून ती आली आणि आधी बिजागरीला हात लावला. "बुश सुकलंय. तेल दिलं न्हाई कुणी."

मी उभ्यानेच पहिले वाक्य सुरू केले. "शमीम, त्या परीक्षकांविषयी मला—"

"माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"ते यायचे नव्हते म्हणून. तवाच कळलं हुतं." बोटाला लागलेली धूळ तिने पदराला पुसली. "तू पायरीवर एक पाय ठिवून बोलत हुतीस. खरं बोलायचं आसलं की तू आत येऊन बसतीस. आप्पा सरांना मी काय बोलले न्हाई. ते तुझं तू बघ."

त्या क्षणीही मला पहिल्यांदा हेवाच वाटला. माझे खोटे मोजायला तिला दोरासुद्धा लागला नव्हता. मी विचारले, "मग दोन वर्षं मला का विचारत राहिलीस, साहेब कधी येणार म्हणून?"

"एखाद्या डावाला तरी आत येऊन बसशील म्हणून."

शेडच्या कोपऱ्यात ते निळे स्टूल होते. रंग कडांना उडाला होता. तिने पायाने ते माझ्याकडे सरकवले.

"आधी बस," ती म्हणाली, "मग बोल."

माझ्या चार वाक्यांपैकी मला एकही आठवेना. मी बसले. मग बोलले.