लाल चिठ्ठी लावलेला मुडा

शेतातला पालापाचोळा न जाळता त्याचं खत करावं, याबद्दल मला आजही शंका नाही. शंका आहे ती एवढीच, की ते काम माझ्यासारख्याला करू द्यावं का!

मी वराळ्याच्या एका कारखान्यात टापटीप बघतो. म्हणजे कोपऱ्यात पडलेल्या वस्तूंवर लाल चिठ्ठ्या चिकटवतो. तीन महिने जिला कुणी हात लावला नाही ती वस्तू निरुपयोगी, असा आमचा नियम. (या नियमानं एकदा साहेबांच्या खुर्चीलाही चिठ्ठी लागली होती. लावणारा मीच.) गाव आमचं लोहगडवाडीच्या खालच्या अंगाला. तिथं आबा एकटे. आई मार्गशीर्षात गेली, भाताची मळणी उरकून, चार दिवसांच्या तापात. तेव्हापासून मी आणि माझी बायको कल्पना दर रविवारी तळेगावहून गावी जायचो. बापाजवळ बसून काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मला सुधारणा सुचली!

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी शेण, पाला, पेंढा पसरून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. चैत्रात मी आबांसमोर उभा राहिलो.

"आबा, औंदा राब भाजायचा नाही."

"मग काय उकडायचा?"

"खत करायचं. धूर होत नाही, माती जळत नाही, गांडुळं जगतात."

"गांडुळांची लय काळजी तुला, दिगू!"

मग ते समोरच्या खाचराकडे बघत म्हणाले, "तुझ्या आयला धुराचा लय तरास व्हायचा. खोकून खोकून बेजार व्हायची. कर तू."

एवढं झटपट 'कर' मी आयुष्यात आबांकडून ऐकलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा प्रभाव!

गोठ्यामागं ढीग रचला. एक थर पाला, एक थर शेण, वर गूळ-बेसन कालवलेलं पाणी. कल्पना म्हणाली, "घरात भजी करताना बेसन कुठे आहे ते विचारता, आणि इथे बरोबर सापडलं?" मी दुर्लक्ष केलं. पण सुका पेंढा कमी पडला आणि माझी नजर वर माळ्याकडे गेली.

आई गेल्यापासून त्या माळ्यावर कुणी चढलंच नव्हतं. त्यामुळे तिथल्या झाडून सगळ्या वस्तू माझ्या नियमात बसल्या! फुटकी सुपं, कुजकी पोती, मोडकी टोपली, आणि कोपऱ्यात पेंढ्याचा एक भला मोठा गोळा, सुंभानं गच्च आवळलेला. सगळ्यांना लाल चिठ्ठ्या लावल्या. गोळा हाताला जड लागला. पेंढ्यानं ओल धरली असेल, असं शास्त्रीय कारण मी जागच्या जागी शोधून काढलं. सुंभही कुजतोच, तेव्हा सोडत बसायचं कशाला? अख्खा गोळा ढिगाच्या पोटात ढकलला आणि वरून शेण लिंपलं.

पुढच्या रविवारी ढिगातून वाफ निघत होती! मी कारखान्यातून तापमापक आणलं होतं. पासष्ट! मी ढिगाशेजारी उभा राहून फोटो काढला, कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'शेती करावी तर अशी.' बत्तीस अंगठे आले. शेजारच्या हिरामावशी कुंपणावरून म्हणाल्या, "आरं, कुनाला शिजवतोयस त्यात?"

मी मोठ्यानं हसलो. आजही ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ज्येष्ठात आबा गुडघे धरत धरत माळ्यावर चढले. वरूनच ओरडले, "दिगू, मुडा कुटंय?"

"कसला मुडा?"

"बियान्याचा! पेंढ्यात बांधलाय न्हाई का तुझ्या आयनं, आंबेमोहोर?"

 तालुक्यातल्या शाळेत शिकलो, शहरात गेलो, आणि आपली आई दरवर्षी बियाणं पेंढ्यात बांधून ठेवते हे विसरलो. दर दिवाळीनंतर ती अंगणात बसून पायानं पेंढा दाबायची, दातांनी सुंभ ओढायची. मी तिथंच लाडू खात असायचो.

"आबा... तो खतात गेला."

ते खाली उतरले. ढिगापाशी जाऊन उभे राहिले. ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खोऱ्याबिऱ्याचं भान सोडून हातांनी ढीग उपसला. मधोमध काळा, मऊ लगदा लागला. सुंभाची एक गाठ मात्र तशीच होती. माझी लाल चिठ्ठीसुद्धा. तिचं काहीच वाकडं झालं नव्हतं, प्लॅस्टिकची होती ना! मी ढिगातच बसून रडलो.

आबांनी ती गाठ उचलली, धोतराला पुसली आणि खिशात ठेवली. "लय घट बांधायची," एवढंच म्हणाले.

हिरामावशींनी इंद्रायणीचं बी दिलं आणि वेळ निभावली. माझ्या खतावर रोप असं तरारलं की आजूबाजूचे बघायला आले. कोणतं खत म्हणून विचारू लागले. काय सांगणार?

मग आषाढात ढिगाच्या कडेला पंधरा-वीस रोपं दिसली. आबांनी ती आंबेमोहोराची म्हणून एकेक करून खाचराच्या कोपऱ्यात लावली. मला कळत होतं, ढिगात दुसराही पेंढा होता. त्याला चिकटलेल्या कुठल्याही दाण्याची ती असू शकतात. हे मला कळत होतं, म्हणजे आबांना किती आधी कळलं असेल!  

दिवाळीनंतर चार ओंजळी भात झालं. त्यातलं निम्मं उखळात कांडून कल्पनानं शिजवलं. आंबेमोहोर शिजला की वास तीन घरं जातो. आमच्या चुलीवर नुसती वाफ होती.

आबांनी घास नाकाशी धरला. "येतोय का रं वास?"

"येतोय की, आबा!"

"लय?"

"लय!"

"तुझी आय म्हनायची, ह्या पोराला खोटं बोलाय जमत न्हाई," म्हणत त्यांनी तो घास खाल्ला. पुन्हा भात मागितला. ताटात एक शीत ठेवलं नाही.

उरलेल्या दोन ओंजळींचा त्यांनी मुठीएवढा मुडा बांधला, आईची ती जुनी गाठ वर लावली आणि माझ्याकडे लाल चिठ्ठी मागितली. "लिही. दिगूनं हात लावायचा न्हाई." मी माझ्याच हस्ताक्षरात, सुवाच्य लिहिलं.

पण आईसारखं आवळून बांधणं आबांना जमत नाही. दर रविवारी माळ्याखाली चार-पाच दाणे सांडलेले असतात. ते दिसले की मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो आणि कल्पनाला हाक मारतो.