डॉक्टरांनी अंगावर घेतलेली चूक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — खरं म्हणजे तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेवढंसं सोपं जात नाहीये.

आधी चांगलं ते सांगतो. माझी बायको मंदा आज धडधाकट आहे. आत कुकर लावते आहे, आणि शेजारणीशी खिडकीतून बोलते आहे. तिच्या जबड्याखाली उजव्या बाजूला एक जुना व्रण आहे, इतकंच. ती आहे, याबद्दल मी दोन माणसांचा ऋणी आहे — त्याच शेजारीण हंसाबेन, आणि सिल्वासाच्या आमली भागातले दातांचे एक डॉक्टर. डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. माझ्यामुळे त्या नावाला एकदा बट्टा लागलेला आहे, आणि तेच सांगायला बसलो आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही धुळ्याहून सिल्वासाला आलो. जवळच्याच मसाट गावातल्या एका कारखान्यात कृत्रिम धागा तयार होत असे. तिथे तपासणी विभागात मला नोकरी होती. धाग्याची जाडी मोजायची, ताण मोजायचा, मापात बसत नसेल तर माल अडवायचा. मालक ओरडले, मॅनेजर रुसले, तरी मी आकडा बदलला नाही. त्यामुळे कारखान्यातच नाही, तर आमच्या चाळीतही माझ्या शब्दाला किंमत होती. फुशारकी म्हणून सांगत नाही. ती किंमत नसती तर पुढचं घडलंच नसतं.

माझी खालची अक्कलदाढ दुखायला लागली. अक्कलदाढ इतक्या उशिरा कशी, म्हणून सगळे हसले. मीही हसलो — हसताना जबडा ठणकायचा. लवंग धरून झाली, मिठाची गुळणी झाली. पाळीवरचा एक जोडीदार म्हणाला, "पाटीलसाहेब, एक झाकण रम दाढेवर धरा. गिळली गेली तरी मनाला लावून घेऊ नका." शेजारी गुजरातेत दारूबंदी, आणि आमच्याकडे तर दाढदुखीवरही हाच सल्ला. दुसऱ्याने सांगितलं, दाढ काढली की नजर जाते. आणि तुमचं तर कामच नजरेचं. मी ते ऐकून घेतलं. खरं मानलं का? निम्मं. पण भीती मात्र पुरती वाटली.

शेवटी मंदाने बळेच डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी नीट पाहिलं. दाढ आडवी येते आहे, म्हणाले; तिच्यावर हिरडीचं झाकण आहे, खाली अन्न अडकतं आणि सडतं. सूज आहे तोवर काढता येणार नाही. गोळ्या देतो, सूज उतरली की लगेच या. मग थांबून पुन्हा म्हणाले, "दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं समजू नका. लोक तिथेच फसतात."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं. याहून स्वच्छ कोणी काय सांगायचं?

पण शेजारच्या खुर्चीजवळ मांडून ठेवलेले ते चिमटे मी पाहिले होते. घरी आलो. मंदाने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो — काढायची गरज नाही म्हणाले. गुळण्या करा, आपोआप बसेल म्हणाले.

हे वाक्य त्यांचं नव्हतं. माझं होतं. मी ते डॉक्टरांच्या नावावर खपवलं, कारण माझ्या नावावर ते चाललं नसतं.

आणि दाढ खरंच बसली. गोळ्यांनी सूज उतरली, ठणका गेला. आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती — नमुना एकदा नापास झाला तर फेरतपासणी करायची, आणि त्यात बसला की माल पास. मी माझ्या दाढेलाही तोच नियम लावला. धागा मोजून झाल्यावर बदलत नाही. हिरडीखाली काय चाललंय, ते मोजायला माझ्याकडे होतं काय? पण नियम सोयीचा होता.

दोनेक वर्षं गेली. मग मंदाची दाढ दुखू लागली. तीच जागा, तशीच सूज. तिने मला विचारलंही नाही. माझ्याच देखत हंसाबेनना म्हणाली, "ह्यांचंही असंच झालेलं. डॉक्टरच म्हणाले होते, आपोआप बसते." आणि गुळण्यांचं पाणी तापत ठेवलं.

मी तिथेच होतो. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. का नाही बोललो? मलाही तेव्हा पुन्हा वाटलं, बसेल. आणि बसली असती तर जुनं खोटं उकरायची वेळ आली नसती. असा मी बायकोच्या जबड्यावर हिशेब मांडून बसलो होतो — रोज कामावर जात होतो, आणि लोकांचा माल अडवत होतो.

तिचं तोंड उघडेनासं झालं. पोळी सुटली, मग भात सुटला, चमच्याने पेज चालू झाली. सूज गालावरून खाली जबड्याखाली उतरली, ताप चढला. मी तिला डॉक्टरकडे चल म्हणालो, पण हळूच. आणि ती म्हणाली, आणखी एक दिवस बघू. ते मी लगेच मान्य केलं. त्या डॉक्टरांसमोर तिच्याबरोबर उभं राहायचं मला नको होतं. तसंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंसाबेन वाटी घेऊन आल्या, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि माझ्यावरच उखडल्या. "भाई, काय बघत बसलात? हिला थुंकी पण गिळता येत नाय. ऊठा, रिक्षा बोलावो." मी उठेपर्यंत त्यांनी रिक्षा आणलीसुद्धा. मंदाला धरून त्याच आत बसल्या. मी पुढे, चालकाशेजारी.

डॉक्टरांनी तिची मान चाचपली आणि त्यांचा चेहरा उतरला. हे इथलं काम नाही, म्हणाले. वलसाडच्या इस्पितळात फोन लावला, बाहेर बसलेल्या पेशंटना परत पाठवलं, स्वतःची गाडी काढायला सांगितली. तेव्हा मंदा दातांआडून, जेमतेम कळेल असं, त्यांना म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीच तर ह्यांना सांगितलं होतं ना — काढायची गरज नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं. रागाने नाही पाहिलं; मी काही बोलतोय का, एवढंच पाहिलं असावं. मी जमिनीकडे पाहत राहिलो. मग ते तिला म्हणाले, "चूक झाली माझी, वहिनी. आता बोलू नका. गाडीत बसा."

मी बोललो नाही. हंसाबेन शेजारीच उभ्या होत्या; त्यांनीही ऐकलं. मी तरीही बोललो नाही.

वाटेत ते मागे वळून वळून तिचा श्वास पाहत होते. वलसाडला जबड्याखाली छेद देऊन पू काढला, नळी घातली, शिरेतून औषधं दिली. तिथले सर्जन म्हणाले, अजून उशीर केला असता तर सुजेने श्वासनलिका बंद झाली असती. दाढ नंतर काढली. त्या दिवशी मंदाला शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आणेपर्यंत आमचे डॉक्टर बाकावर माझ्याशेजारी बसून होते. मला चहा आणून दिला. मी त्यांच्या नावावर खपवलेल्या वाक्याबद्दल त्यांनी मला काही विचारलं नाही — तेव्हाही नाही, नंतरही नाही.

महिनाभराने मी माझी दाढ काढायला गेलो. दुखत नव्हती. "न दुखणारीच काढायची असते," म्हणाले, आणि काढली. सुईपलीकडे विशेष काही जाणवलं नाही. इतक्याशासाठी मी काय करून बसलो होतो? निघताना त्यांनी विचारलं, "वहिनी जेवतात ना नीट?" तोंडात कापसाचा बोळा होता, मी मान हलवली. बोळा घरी गेल्यावर निघाला. परत जायला रस्ता होताच की.

चाळीत बोलणं पसरलं होतं. डॉक्टर भला माणूस, पण दाढेचं त्याला कळत नाही. काही घरं दातांसाठी वापीला जाऊ लागली. मी ऐकत होतो. पुढे नव्वदनंतर कधीतरी त्यांनी दवाखाना आवरला आणि ते नाशिकला गेले. माझ्यामुळे गेले असं म्हणणार नाही; मला माहीत नाही. माझ्यामुळे नाही, असंही म्हणू शकत नाही.

चाळीत आता कोणाची दाढ दुखली की मंदा त्याला बसू देत नाही. सूज उतरली तरी पुन्हा पाठवते, स्वतः बरोबर जाते. कित्येकांच्या दाढा तिच्यामुळे वेळेवर निघाल्या. आणि दर वेळी म्हणते, "डॉक्टरही माणूसच. आमच्या डॉक्टरांचंही चुकलं होतं. पण त्यांनी माझा जीव वाचवला." तिने त्यांना माफ करून टाकलं आहे. जे त्यांनी केलंच नव्हतं, त्याबद्दल.

डॉक्टरांनी लवकर या म्हणून सांगितलं होतं. गरज नाही, हे मी म्हणालो होतो. जेवण झाल्यावर ती खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसते. आज त्याच्यावर हे कागद ठेवतो आहे.