बेंचवरचे सहाजण

पाचव्या मॅचला जासिम आला नाही.

हजेरीच्या कागदावर पंधरा नावं होती आणि मैदानावर चौदा माणसं. बेसबॉल खेळायला नऊच लागतात, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. ती मॅचही आम्ही जिंकलो. लागोपाठ पाचवी. सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत होते आणि मी जासिमच्या नावापुढची रिकामी जागा पाहत होतो.

तेव्हा मी बहरीनमध्ये एका अमेरिकन कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत रिक्रिएशन सुपरवायझर होतो. शारीरिक शिक्षणाची पदवी अमरावतीला घेतली. तिथे सॉफ्टबॉल खेळलो, मग काही वर्षं शिकवला. त्या जोरावर ही नोकरी मिळाली. क्लब, पोहण्याचा तलाव, मुलांच्या स्पर्धा आणि हिवाळ्यात दर शुक्रवारी बेसबॉलची लीग, एवढं माझ्याकडे. मैदान म्हणजे दाबून बसवलेली वाळू आणि त्यावर चुन्याच्या रेघा.

बेसबॉलमध्ये नऊ खेळतात, बाकीचे बेंचवर बसतात. क्रिकेटमधला बारावा खेळाडू पाणी नेतो, फार तर फिल्डिंग करतो. इथे बेंचवरचा माणूस मॅचमध्ये कधीही आत येऊन बॅटिंगसुद्धा करू शकतो. पण ज्याच्या जागी तो आला, तो त्या मॅचपुरता संपला. परत आत घेता येत नाही. आणि मैदानात नवापेक्षा कमी माणसं उरली, की मॅच हरली. म्हणून बेंच जपून वापरावा लागतो. मी तो इतका जपून वापरत होतो, की वापरतच नव्हतो.

प्रोजेक्ट मॅनेजर बार्करसाहेबांचा हुकूमच होता. "बेस्ट नाइन. एव्हरी फ्रायडे." त्यांना ट्रॉफी हवी होती. माझं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं आणि रिन्यूअलवर सही त्यांची होती.

बेंचवर सहाजण होते. त्यातला सावंत कुडाळचा. कंपनीत रिगर होता, म्हणजे क्रेनला माल बांधून उचलायला लावणारा. पाचव्या मॅचनंतर सामान भरताना तो म्हणाला, "सर, माका खेळूक गावतला काय नाय, ता एकदा सांगून टाका. शुक्रवारी निदान कपडे तरी धुईन."

तो हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही. जानेवारीत शटडाऊन होता. शटडाऊन म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. त्यावर नेमलेल्या सगळ्यांना बारा-बारा तास ड्युटी, शुक्रवारसुद्धा. टाइम ऑफिसमधून मी रोस्टर आणून पाहिला. माझ्या 'बेस्ट नाइन'मधले पाचजण शटडाऊनवर होते. उरले दहा, तेही जासिम धरून. म्हणजे सेमीफायनल बेंचवरच्या लोकांनीच खेळायची होती, आणि मी त्यांना पाच मॅच नुसतं बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर मी जिदहफ्सला जासिमच्या घरी गेलो. जासिम इथलाच, बहरीनचा, आमच्या स्टोअर्समध्ये क्लार्क. त्याने चहा दिला, पण नेहमीसारखा बोलेना. त्याचे वडील कोपऱ्यात बसले होते. शेवटी तो हिंदीत म्हणाला, "कोच, आपने बोला था, अगले जुम्मे. चार जुम्मे हो गए. मेरा बाप चारों बार देखने आया."

म्हाताऱ्याला हिंदी कळत असावी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मला कानकोंड्यासारखं झालं.

"गलती मेरी है," मी म्हणालो. "अगले मॅच में पाचवी इनिंग से लेफ्ट फील्ड पे तुम. आखिर तक."

"पक्का?"

"इंशाल्ला."

"इंशाल्ला नहीं, कोच. हाँ या ना बोलो."

"हाँ."

घरी येऊन मी तक्ता आखला. एका बाजूला पंधरा नावं, वर उरलेल्या मॅच. रोस्टरप्रमाणे कोण कुठल्या शुक्रवारी मोकळा आणि कोणाला किती इनिंग द्यायच्या, सगळं भरलं. आमच्या मॅच सात इनिंगच्या असत. इनिंग म्हणजे दोन्ही टीमची एकेक पाळी. बेंचवरच्या प्रत्येकाला दर मॅचमध्ये किमान दोन इनिंग ठेवल्या.

बार्करसाहेबांनी तक्ता पाहिला. "ही बालवाडी आहे का?"

"सर, शटडाऊनमध्ये तुमचे पाचजण ड्युटीवर असतील."

"त्यांना मी सोडवीन."

"शटडाऊन लांबला तरी?"

त्यांनी चष्मा काढला. "कर तुझ्या मनाप्रमाणे. हरलास तर मार्चमध्ये बोलू."

सहावी मॅच आम्ही हरलो. पाचव्या इनिंगला जासिमला आत घेतलं. सहाव्या इनिंगमध्ये त्याच्या हातातून सोपा कॅच सुटला आणि दोन रन गेले. सावंतने तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हवेत. बार्करसाहेब सरळ गाडीत बसून निघून गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नईममधल्या आमच्या फ्लॅटवर बायकोने विचारलं, "अहो, पुढच्या वर्षीच्या शाळेचा फॉर्म भरायचाय मुलीचा. भरू का?"

"थांब जरा," मी म्हणालो. तिने फॉर्म घडी घालून कपाटात ठेवला. तेच जास्त लागलं.

चूक कुठे होती ते मला नेट प्रॅक्टिसला दिसलं. नेहमीचे नऊजण मनसोक्त बॅटिंग करायचे, आणि उजेड कमी झाला की उरलेला वेळ बेंचचा. मग मॅचमध्ये त्यांना बॉल दिसणार कसा? मी क्रम उलटा केला. नऊजण कुरकुरले. पुढचा महिनाभर आम्ही कधी जिंकलो, कधी हरलो. कसेबसे चौथ्या नंबरवर राहून सेमीफायनलला पोचलो.

शटडाऊन लांबला. बार्करसाहेबांना कोणालाही सोडवता आलं नाही. मैदानात नऊजण आणि बेंचवर एकटा सावंत.

आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, डेव्ह. टेक्ससचा, क्रेन ऑपरेटर. आदल्या दिवशी बारा तास क्रेनवर बसून आला होता. चार इनिंग त्याने उत्तम टाकल्या. पाचव्यात त्याचे बॉल वर जायला लागले. प्रत्येक बॉलनंतर तो कोपर झटकत होता. आम्ही तीन रननी पुढे होतो.

मी खेळ थांबवून त्याच्याकडे गेलो.

"आयॅम फाइन, कोच."

"हात दाखव."

त्याची बोटं थरथरत होती. मूठ नीट वळत नव्हती.

जाळीमागून बार्करसाहेब ओरडले, "लीव्ह हिम इन!"

डेव्हला काढला, तर तो परत येणार नव्हता. बेंच रिकामा. नंतर कोणाचा पाय मुरगळला, बोट मोडलं, तर आठजण उरणार आणि मॅच गेली. मॅचबरोबर बहुधा माझी नोकरीही. पण हा माणूस त्याच हाताने टनांचं लोखंड लोकांच्या डोक्यावरून फिरवायचा, आणि खाली ते बांधायला सावंतसारखे लोक असायचे.

मी सावंतला हाक मारली.

प्रॅक्टिसला त्याच्याकडून थोडं पिचिंग करून घेतलं होतं, एवढीच काय ती तयारी. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "सर, जोरात टाकूक जमाचा नाय. पण सांगशात थयच पडतलो बॉल."

"तेवढं पुरे."

त्याचे बॉल संथ होते. समोरच्यांनी ते मारले. आमच्यातलं कोणी धावताना घसरलं, की मी मनात नऊ मोजायचो. सातव्या इनिंगला आमची आघाडी एका रनवर आली. दोघे बाद झाले होते; तिसरा बाद झाला की पाळी संपणार होती. तिसऱ्याने बॉल जमिनीलगत सरळ सावंतकडे मारला. त्याने तो उचलला आणि घाई न करता, धावणारा पोचायच्या आत फर्स्ट बेसला फेकला. आउट. जिंकलो.

मी डेव्हला गाडीत बसवून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी डेव्हचं कोपर तपासलं. स्नायूबंध ताणला होता, तुटला नव्हता. आणखी दोन इनिंग टाकल्या असत्या तर ऑपरेशन लागलं असतं, असं ते म्हणाले. दीड महिना क्रेन बंद.

डेव्हशिवाय खेळलेली फायनल आम्ही सहा रननी हरलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. समोरची टीम चांगली होती.

मार्चमध्ये बार्करसाहेबांनी बोलावलं. "फायनल हरलास."

"हो, सर."

"डेव्ह सोमवारी ड्युटीवर येतोय." त्यांनी कागद पुढे सरकवला. रिन्यूअल होतं. दोन वर्षांचं नाही, एक वर्षाचं. मी सही केली. घरी जाऊन बायकोला शाळेचा फॉर्म भरायला सांगितलं.

पुढे मी अनेक टीम सांभाळल्या. बेंचवरच्या माणसाला नुसता धीर देऊ नये, तारीख द्यावी. आणि त्याला खेळवून हरलात, तर दोष आपल्यावर घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये एकट्याने जावं.