जमादारांची हाक

आमच्या पोलीस चौकीच्या जमादारांइतकी संकटाची मनापासून वाट पाहणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि संकटानं इतकी वर्षं ताटकळत ठेवलेला माणूसही दुसरा पाहिला नाही. चामोर्शीहून बदली होऊन मी एटापल्लीकडच्या त्या जंगलातल्या शाळेवर गेले, तेव्हा गावात सरकारी माणसं आम्ही दोघंच. चौकीतला शिपाई बाराही महिने तापाच्या नावाखाली आपल्या घरी असे. मी सामान उतरवत होते तोच जमादार आले, नमस्कार न करता शाळेभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाई, दार एकच हाय. मांग दार पायजे." दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड आणून त्यांनी स्वतःच मागची कुडाची भिंत फोडली. त्या दारातून पुढं कुठलाही हल्लेखोर आला नाही, शेळ्या मात्र रोज येत आणि शिकत बसत.

लग्नाच्या पंगतीत ते भिंतीला पाठ लावून बसत आणि जेवताना बूट काढत नसत. मी चूल पेटवली की लांबून हातवारे करत येत, "धूर कोसावरून दिसते, बाई!" मी म्हणे, "मग भात कच्चा खाऊ का?" त्यावर ते गंभीरपणे विचार करत. त्यांना बायको नव्हती, मूल नव्हतं, कुणाचं कार्डही येत नसे. संध्याकाळी चौकीच्या ओट्यावर एकटेच बसलेले दिसत, आणि कुणी विचारलंच तर म्हणत, "पहारा करून राह्यलो."

त्यांचं खरं राज्य म्हणजे शाळेची तालीम. चौकीपुढं टांगलेला रुळाचा तुकडा वाजला की पोरांनी पाट्या टाकून मागच्या दारानं जंगलात पांगायचं. रांग नाही, एकमेकांचा हात धरणं नाही, आवाज नाही. खाकी असो की साधे कपडे, अनोळखी हत्यारबंद माणूस दिसला तर रूळ वाजण्याचीही वाट पाहायची नाही. आणि जमादारांची हाक आल्याशिवाय बाहेर यायचं नाही. ती हाक गुराखी संध्याकाळी गुरांना घालतो तशी होती, "येऽऽ होऽऽ", शेवटाला खाली उतरणारी. तिलाही एक पोटनियम होता: जमादारांच्या शेजारी परका माणूस उभा असेल तर हाक ऐकायची नाही. "बंदूक पाठीले लावून हाक मारायले कोनीबी लावू शकते," ते पोरांना समजावत. गोंडांची ती पोरं जंगलातच वाढलेली. गणितात माझ्यापुढं जांभया देणारी पोरं या विषयात पहिल्या नंबरानं पास होत. दोन पळसांच्या मधे पोर उभं असायचं आणि मला नुसते पळस दिसायचे.

एकदा मी वैतागून विचारलं, "जमादारभाऊ, कोण येणार आहे इथं? कशाला पोरांचे पाढे बुडवता?" त्यांनी बुटाची नाडी आवळून बांधली. मग म्हणाले, "मी सिरोंच्याकडं होतो, बाई, नदीवर. पलीकडून टोळी आली तवा लोक सडकेवर पळाले. पोरं घेऊन, सडकेवर! लपाचं कुठी, हे त्यायले कोनी सांगतलंच नोतं." एवढंच. त्यानंतर मी पाढे सकाळी घ्यायला लागले.

पुढं बातमी आली की चांद्याचे मोठे साहेब येऊन चौकी ठेवायची की उठवायची ते ठरवणार. जमादारांनी बूट तेलानं चमकवले, ओटा सारवून घेतला. चौकी उठली तर त्यांना चांद्याच्या पोलीस लाइनीत जावं लागणार होतं, आणि या गावाखेरीज त्यांचं म्हणावं असं कुणी नव्हतं. साहेब आले ते जीपमधून, सोबत बंदुका घेतलेले खाकी शिपाई. मी फळ्यावर स्वागत लिहून मागं वळले तर शाळा रिकामी. पोरांचं पाहून आयाही गेल्या, म्हातारेही गेले. साहेबांना ओसाड गाव, एक मास्तरीण आणि शेळ्या एवढंच दिसलं.

"माणसं कुठं आहेत?" साहेब ओरडले.

"लपले, साहेब," जमादार म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"मग बोलवा!"

जमादारांनी हाक मारली. साहेब शेजारीच उभे होते, त्यामुळं पान हललं नाही. दुसऱ्यांदा मारली. मी म्हटलं, "साहेब, आपण जरा लांब उभे राहाल का?" साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच दोन पावलं लांब सरकले. ते जीपमध्ये बसले आणि जाताना म्हणाले, "इथं राखायला माणसंच नाहीत, चौकी कशाला?"

धुरळा बसल्यावर जमादारांनी तिसरी हाक दिली आणि सगळं गाव झाडांतून बाहेर आलं. मी चिडले होते. "साहेब येणार हे पोरांना आधी सांगायचं नाही का?"

"येनारे सांगून येतात का, बाई?" ते म्हणाले, आणि एका मुलीकडं वळले. "तुही वेनी दिसून राह्यली होती."

महिनाभरात चौकी उठली.

पुढं कधीतरी पगाराच्या कामासाठी चांद्याला गेले, तेव्हा कचेरीतला शिपाई सोबत घेऊन पोलीस लाइनीत त्यांची खोली शोधली. आतून चुलीवर भांडं वाजत होतं. कडी वाजवली, तर भांडं थांबलं. नाव सांगितलं, तरी कडी निघाली नाही. शेजारीण म्हणाली, "ते कोनालेच दार उघडत नाई. येतही नाई म्हना कोनी."

मी शिपायाला पार रस्त्याच्या टोकाला पाठवलं. शेजारणीला आत जायला सांगितलं. मग पदर सावरून, भर दुपारी, त्या लांबलचक चाळीसमोर एकटी उभी राहून मी गुराख्याची हाक घातली.

कडी निघाली. जमादार दारात उभे होते, घरातही बूट घातलेले. त्यांनी माझ्या दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं.

"शेवट खाली उतरला नाई, बाई," ते म्हणाले. मग दारातून बाजूला झाले. "पन या. कितीक दिवसानं कोनी हाक मारली."